बिनघंटीचं भाषण

४ जानेवारी, शनिवार

आमच्या कवळी-कारागिरांच्या संघटनेच्या कार्यवाहांचा फोन आला. तीस मार्चला मास्तरांचा निरोप समारंभ आहे, दोनशे माणसं येणार, आणि पट्टशिष्य म्हणून मुख्य भाषण मी करायचं. सात मिनिटं. मी ‘हो’ म्हणून बसलो, कारण ‘नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलंच.

माझ्या वक्तृत्वाचा इतिहास नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे. वडिलांच्या शोकसभेत मोठा मुलगा म्हणून उभा राहिलो आणि पाचावर धारण बसली. तीन मिनिटं माइककडे बघत राहिलो, शेवटी म्हणालो, "चहा घेऊनच जा सगळ्यांनी," आणि खाली बसलो. त्याला अकरा वर्षं झाली. मेहुणा अजून आमच्याकडे चहाचा कप उचलताना तेच वाक्य म्हणतो.

ही म्हणाली की चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर दर शनिवारी भाषण शिकवणारं मंडळ भरतं, जाऊन तर बघा. वहीसुद्धा तिनेच काढून दिली. रोज काय शिकलात ते लिहा म्हणाली. लिहायला माझी ना नाही, लिहिताना कुणी समोर बसलेलं नसतं.

११ जानेवारी, शनिवार

मंडळ पाहिलं. गाडी शिकवतात त्याच खोलीत माणसांना बोलायला शिकवतात. वक्त्याने उभं राहायची जागा बरोबर ‘हॉर्न वाजवू नका’ या तक्त्याखाली. पंधरा सभासद, पंचवीस खुर्च्या आणि बिस्किटांचा एक पुडा.

यांच्या पद्धती न्याऱ्या. एका पुस्तिकेत दहा पायऱ्या, दर पायरीला एक भाषण. एक बाई घड्याळ घेऊन बसते आणि हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवते. तिला मी घड्याळबाई म्हणणार. एक विमेवाला टेबलावर पितळी घंटी घेऊन बसतो आणि वक्ता ‘अं’ म्हणाला की टिंग करतो. ‘म्हणजे’ला टिंग, ‘तर मग’ला टिंग. स्वतः विमा विकताना हा गृहस्थ काय बोलत असेल देव जाणे. भाषण झालं की अध्यक्षबाई परीक्षण करतात. आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. साखरेत घोळलेली कडू गोळी. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यात, आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतः बोलतात.

आज एका पशुवैद्याने ‘वेळेचं महत्त्व’ या विषयावर चार मिनिटं जास्त घेतली. लाल कार्डाकडे बघून तो नुसता हसला. ही मंडळी मला काय शिकवणार?

१८ जानेवारी, शनिवार

पहिली पायरी: स्वतःची ओळख, चार मिनिटं. माझी ओळख एक मिनिट पन्नास सेकंदांत संपली, त्यात तेवीस घंट्या. नाव सांगितलं, कवळ्या बनवतो म्हणून सांगितलं, पुढे काही सुचेना. शेवटी ‘चहा’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता तो कसाबसा गिळला.

अध्यक्षबाईंना नियमाप्रमाणे दोनदा कौतुक करायचं होतं. बिचाऱ्या बराच वेळ शोधत होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, शर्टाची इस्त्री उत्तम. दुसऱ्यांदा म्हणाल्या, वेळेच्या आत संपवलं.

२० जानेवारी, सोमवार

हे लिहून ठेवतो, वही माझ्या कपाटात असते आणि किल्ली माझ्याच खिशात.

आमचा धंदा असा, की डॉक्टर माप घेतात, पैसे घेतात आणि नाव घेतात. दात आम्ही बसवतो. या सगळ्या भागात मास्तरांच्या हातची कवळी म्हणजे शेवटचा शब्द. डॉक्टर चिठ्ठीवर लिहूनच पाठवतात, ‘मास्तरांकडूनच’. आणि गेली सहा वर्षं मास्तरांचे हात कापतात. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. मेणात दात बसवणं हे केसाएवढ्या फरकाचं काम, ते आता त्यांना शक्य नाही. म्हणून कारखान्यात मागच्या टेबलाला अर्धा पडदा लावलाय. पडद्याआड मी दात बसवतो, ते शेजारी बसून असतात, आणि डबीवर शिक्का त्यांचा लागतो. सुरुवातीला एकदाच म्हणाले होते, "हे आपल्यातच राहू दे." पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यांच्याकडे मी एकोणतीस वर्षं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला हत्याराला हात लावू दिला नाही. एकच गोष्ट सांगितली: कुणाच्या तोंडात काय आहे, ते आपल्या तोंडातून बाहेर पडता कामा नये. बाकी सगळं नंतर शिकशील, म्हणाले.

निवृत्त होऊन घरी बसायची त्यांची तयारी नाही. मास्तरीणबाई जाऊन आठ वर्षं झाली, घरात भिंतींशी बोलायची वेळ येईल म्हणतात. संघटना एप्रिलपासून नवीन कारागिरांचा वर्ग काढते आहे, तो मास्तरांना द्यायचं जवळजवळ ठरलंय. समारंभातच जाहीर करणार आहेत. त्या वर्गावर त्यांचा सगळा जीव आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी पायरी: हातात वस्तू घेऊन बोला. मी एक नमुन्याची कवळी नेली आणि ती पुढच्या रांगेत फिरवायला दिली. बायकांनी रुमालात धरून पुढे ढकलली. दुसऱ्या रांगेतले एक रुबाबदार आजोबा भाषणभर ओठांवर हात ठेवून होते. मी ओळखलं: वरची पूर्ण, खालची अर्धी, दोन वर्षांपूर्वीचं काम, आमचंच. मी अवाक्षर काढलं नाही. निघताना त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ दाबला.

घंट्या अकरा. साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावून आम्ही नवी कवळी कशी तपासतो, तेही सांगितलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना शिट्टी वाजली की दात चुकले. सगळ्यांनी म्हणून पाहिलं, आजोबा सोडून.

अध्यक्षबाई म्हणाल्या, माहिती छान, पण यात माणूस कुठाय? लोकांना माणसांच्या गोष्टी हव्या असतात. तुमच्या घरातलं काही सांगा.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरातलं सांगितलं. ही झोपेत भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि भाव पटला नाही की माझ्यावर लाथ मारते, हे मी तिच्या आवाजात करून दाखवलं. खोली हसून लोळली. पशुवैद्याच्या घशात बिस्किट अडकलं. घंट्या फक्त चार. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं हसली, आणि हसावं म्हणून मीच बोललो होतो! घरी येताना दोन गल्ल्या जास्तच चाललो. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिला कुठूनसं कळलं. भाजीवाल्याने विचारलं म्हणे, "काकू, रात्रीचा भाव देऊ की दिवसाचा?" भाजी आता मी आणायची, एवढंच ठरलं. रात्री शेजारच्या खोलीत झोपते, पाठ धरली म्हणून. गादी बदलायला हवी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाचवी पायरी: श्रोत्यांच्या काळजाला हात घाला. (चौथी हातवाऱ्यांची होती. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, पाण्याचा ग्लास सांडला.)

आठवडाभर विचार करत होतो की आपल्याकडे काळजाला हात घालणारं असं काय आहे. मग लेकीचं आठवलं. तीन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न पंधरा दिवसांवर असताना मुलाकडच्यांनी मोडलं. तेव्हा ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत असे. दार कधी वाजवलं नाही, काय बोलावं ते सुचत नव्हतं.

आज सुचलं. नळाचा आवाज, मी उभा, मध्ये बंद दार. तिथे मी चार सेकंद थांबलो. थांबणं हे बोलण्याइतकंच महत्त्वाचं असतं, असं पुस्तिकेत लिहिलंय. घड्याळबाईंनी डोळे पुसले, त्या नादात पिवळं कार्ड दाखवायच्या विसरल्या. घंट्या दोन. मला ‘आजचा उत्कृष्ट वक्ता’ची निळी फीत मिळाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

घड्याळबाई आमच्या लेकीच्याच ऑफिसात हिशेब विभागात आहेत. मला काय माहीत! त्यांनी तिला डब्याच्या सुट्टीत मिठी मारली म्हणे, सगळ्यांदेखत. लेक घरी आली ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुला ऐकू येत होतं?" म्हणाली.

मी म्हणालो, हो, सगळं. मला वाटलं बापाचं मन कळून तिला बरं वाटेल. ती आत गेली आणि बॅग भरून मावशीकडे राहायला गेली. तिथून ऑफिस जवळ पडतं. फीत मी आरशाला अडकवली होती ती हिने काढून खणात टाकली. कौतुक घरच्यांना कधीच पचत नाही.

५ मार्च, बुधवार

आज एक अवघड काम होतं. जबडा वाकडा, हाड झिजलेलं. पडद्याआड मास्तर शेजारच्या स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून. त्यांचं नेहमीचं चालू होतं: "वरचा दुसरा अर्धा केस बाहेर घे. आता थांब. मेण गार होऊ दे. डावीकडून बघ, ती बाई हसताना डावीकडे मान करत असणार, साच्यावरून कळतंय. सुळा जरा झोपव." मी नुसतं ऐकायचं आणि करायचं. दीड तासात दात असे बसले की डॉक्टरांनी फोन करून मास्तरांचं अभिनंदन केलं. काम माझ्या हातांनी केलेलं आणि अभिनंदन त्यांचं, असं गेली सहा वर्षं चाललंय. मला वाईट वाटत नाही. नोंद केली एवढंच.

नंतर त्यांनी खालच्या खणातून एक लाकडी पेटी काढून दाखवली. आत मेण कापायच्या बारा सुऱ्या, नव्या, प्रत्येकीच्या मुठीला दोरा गुंडाळलेला. वर्गातल्या मुलांसाठी. दोरा त्यांनी स्वतः गुंडाळलाय, एकेका सुरीला दोन-दोन दिवस लागले म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

मंडळात निरोपाच्या भाषणाची तालीम केली. मास्तरांची शिस्त, मास्तरांची निष्ठा, मास्तरांचं मार्गदर्शन. घंटी एकदाही वाजली नाही, कारण विमेवाल्याला डुलकी लागली होती.

अध्यक्षबाईंनी माझ्या आवाजाचं कौतुक केलं, मग म्हणाल्या की हे एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल वाटतंय, आणि मग माझ्या उभं राहण्याचं कौतुक केलं. विमेवाला जागा होऊन म्हणाला, "त्यांची अशी एखादी गोष्ट नाही का, जी कुणालाच माहीत नाही?"

मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो.

१६ मार्च, रविवार

हिला विचारलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी म्हणालो, सहा वर्षांचं ते सांगितलं तर सभागृह डोक्यावर घेतील. थकलेला गुरू, त्याचे हात झालेला शिष्य. यात निंदा कुठे आहे, उलट गौरवच आहे.

"मास्तरांना विचारलंत का?" एवढंच म्हणाली.

आता आधी विचारलं तर त्यातली गंमतच जाईल. आणि ते संकोचापोटी नकोच म्हणणार. मोठी माणसं स्वतःच्या कौतुकाला नको म्हणतातच. मी तिला हे समजावून सांगितलं, चढ-उतारासह. ती मध्येच उठून कपडे वाळत घालायला गेली.

२२ मार्च, शनिवार

नव्या भाषणाची तालीम. सहा मिनिटं पन्नास सेकंद. पशुवैद्य रडला, आणि तो म्हणे गाय मेली तरी रडत नाही. एकही घंटी नाही. विमेवाल्याने ती उचलून खिशात ठेवली, म्हणाला, तुमच्यापुढे हिचं काही चालत नाही. दुसऱ्या रांगेतले आजोबा मात्र आज आले नव्हते. मागच्या शनिवारीही नव्हते, आता लक्षात आलं. तब्येत बरी नसेल.

३० मार्च, रविवार

जिंकलो! दोनशे दहा माणसं होती, मोजली मी. डॉक्टर मंडळी पुढे, कारागीर मागे, मास्तर मंचावर मधल्या खुर्चीत, नव्या शर्टात. मी माइकपाशी गेलो आणि पाय कापले नाहीत. हात कापले, पण तेही ठरवून.

कारण तिथेच तर भाषण सुरू होत होतं. मी माझा उजवा हात वर धरून थरथरवला आणि विचारलं, "हा हात कुणाचा आहे?" मग चार सेकंद थांबलो. मग सगळं सांगितलं. अर्धा पडदा, मागचं टेबल, दोन्ही हातांनी धरलेला कप. सहा वर्षं डबीवर शिक्का त्यांचा आणि बोटं माझी. शेवटी म्हणालो, "गुरूचे हात थकतात, पण ते शिष्याच्या मनगटात जिवंत राहतात." हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं होतं.

टाळ्या थांबेनात. मागचे कारागीर उभे राहिले. पुढच्या रांगेतले डॉक्टर आधी एकमेकांकडे बघत होते, मग तेही उभे राहिले. मास्तरांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांचे हात सगळ्यांसमोर कापत होते आणि आता सगळे तिकडेच बघत होते. इतका परिणाम मला तालमीत साधला नव्हता. नंतर त्यांनी हात मांड्यांखाली घेतले.

सत्काराला उत्तर म्हणून त्यांना बोलायला सांगितलं. ते बसूनच म्हणाले, "याने वेळ बरोबर सांभाळली." बाकी काही नाही. मास्तर कौतुकाच्या बाबतीत कंजूषच. वर्गाची घोषणा काही झाली नाही. संघटनेचे अध्यक्ष आणि कार्यवाह कोपऱ्यात हळू आवाजात बोलत होते, बहुतेक उशीर झाला म्हणून राहिली असेल.

ही मागच्या रांगेत होती. लेक आली नव्हती. येताना रिक्षात मी हिला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू गेलं.

३ एप्रिल, गुरुवार

कार्यवाहांचा फोन. आधी माझ्या भाषणाचं कौतुक. मग म्हणाले, वर्गाचं जरा अवघड झालंय. हात चालत नाहीत असा माणूस हाताचं काम कसं शिकवणार, असं कार्यकारिणीत निघालं. आणि डॉक्टर लोकांचं म्हणणं, सहा वर्षं आम्हाला अंधारात ठेवलं. मास्तरांना आदराने विश्रांती द्यावी असं ठरलं. मग पुन्हा माझं कौतुक. म्हणाले, वर्ग तुम्हीच घ्या, तुमच्याइतकं चांगलं बोलणारा आपल्यात आहे कोण?

कौतुक, चूक, कौतुक. कार्यवाह कधी मंडळात येत होते की काय.

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र पाच मार्चचं पान काढून वाचलं. वरचा दुसरा अर्धा केस बाहेर घे, सुळा जरा झोपव. वर्गात मुलांनी विचारलं की सुळा किती झोपवायचा, तर मी काय सांगणार? सहा वर्षांत ते मला कधी स्वतःहून ठरवावं लागलं नाही. माणसाचे हात चालत नव्हते, पण तो रोज दीड-दीड तास शिकवतच होता की. हे भाषणात आलं नाही. सात मिनिटांत सगळं कुठे मावतं?

मावलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

मंडळात गेलो नाही. मास्तरांकडे गेलो. ते दार उघडायला उठले, खुर्ची दिली, चहाचं विचारलं नाही. टेबलावर लाकडी पेटी तयार ठेवलेली होती. मी यायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

"बारा आहेत, मोजून घे," म्हणाले. मी मोजल्या. मुठींवरचा दोरा काही ठिकाणी सैल होता, काही ठिकाणी तीन-तीनदा गुंडाळलेला.

मला खूप बोलायचं होतं. बसमध्ये सगळं जुळवून गेलो होतो, सुरुवात, मध्य, शेवट, कुठे थांबायचं तेसुद्धा. मला हे नको होतं, तुमचा वर्ग मी काढून घेतला नाही, मी कौतुकच करत होतो. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. बाहेर आलं ते एवढंच, की मास्तर, पहिल्या दिवशी मुलांना काय सांगू?

त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि टेबलावर ठेवले, माझ्यासमोर, लपवायला आता काही राहिलं नव्हतं म्हणून. ते कापत होते. आवाज मात्र नेहमीचाच होता.

"मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेच सांग. आठवतंय ना?"

आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. ते वाट बघत होते, मी तोंड उघडलं.

"अं," मी म्हणालो. मग पुन्हा, "अं."

घंटी वाजवायला तिथे कुणी नव्हतं.